माउली, जरा इकडे बघा!

विठोबासारखा मॉडेल जगात दुसरा नाही. अठ्ठावीस युगं विटेवर उभा, हात कमरेवर, हलत नाही, कंटाळत नाही, 'माझी ही बाजू चांगली येत नाही हो' म्हणत नाही. आणि नेमका त्याच्याच गाभाऱ्यात कॅमेरा न्यायची बंदी! ही गोष्ट पंढरपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मला ती तिथं पोचल्यावर कळली.

तसा मी किनारपट्टीचा फोटोग्राफर. म्हणजे निवृत्तीच्या पैशांतून, बायकोनं स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेला किंचित धक्का लावून, कॅमेरा घेतला आणि कोकण किनाऱ्यावरच्या देवळांची मालिका करायचं ठरवलं. गणपतीपुळ्याला अख्खी टेकडीच गणपती मानतात, त्यामुळे प्रदक्षिणा टेकडीला घालावी लागते. देव आणि समुद्र एका चौकटीत मावतील अशी जागा शोधत मी चालत राहिलो आणि घाम पुसत पुन्हा निघाल्या ठिकाणी येऊन उभा राहिलो. प्रदक्षिणा पूर्ण, फोटो शून्य. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून थेट समुद्राकाठच्या कातळावर जाते. भरतीच्या वेळी इकडे येऊ नये, अशी पाटी तिथं होती. तिचा मी फार सुरेख फोटो काढला, तिरपा उजेड, मागे निळं पाणी, अक्षरं ठळक. वाचली मात्र नाही. पुढच्या लाटेनं ट्रायपॉड नेला.

"समुद्र तुम्हाला झेपत नाही," बायको म्हणाली. "वाळूच हवी ना? पंढरपूरला चला. तिथं नदी आहे, पडलात तरी पुण्य लागेल."

म्हणून आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात आलो. वाळू होती. दिसत नव्हती. तिच्यावर दिंड्या, पताका, तंबू, फुगड्या, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका, ओली धोतरं, आणि या सगळ्यांच्या मधोमध नेमका चुकीच्या ठिकाणी उभा असलेला मी. भीमा इथं चंद्रकोरीसारखं वळण घेते, तेवढं तरी टिपावं म्हटलं, तर ते दिसायला उंची हवी. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून वारी टिपली, तिचं 'पाहावा विठ्ठल' हे पुस्तकही २०११ साली आलं. मला लॉजची गच्ची मिळाली. तिथं दोऱ्यांवर इतकी धोतरं वाळत होती, की चंद्रकोर सोडाच, जिना परत सापडायला वेळ लागला.

खाली आलो. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात आणि एकमेकांच्या पाया पडतात, हे वाचून माहीत होतं. माझ्याही कुणी पाया पडेल, याची मात्र तयारी नव्हती. एक आजी वाकल्या. मी कानकोंडा होऊन घाईघाईनं त्यांच्या पायांपाशी वाकलो, आणि गळ्यातला कॅमेरा, त्याची ती हातभर लेन्स, झोका घेऊन शेजारच्या दिंडीतल्या पखवाजावर आदळली. धूम! क्षणभर टाळ थांबले. पखवाजवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, शाई लावलेल्या पुडीवरून मायेनं हात फिरवला आणि म्हणाला, "माउली, सम पुढच्या मात्रेला होती."

मग ठरवलं, गर्दीतून नको, पाण्यातून काढू. होडी केली. पुंडलिकाच्या देवळापाशी आल्यावर लेन्स बदलायला घेतली, होडीनं किंचित अंग हलवलं आणि लेन्सचं काळं टोपण चंद्रभागेत पडलं. मी "अरे देवा!" म्हणालो. तेवढ्यावरून होडीतल्या एका काकूंचा समज झाला, की मी काहीतरी वाहिलं. त्यांनी हात जोडले, कनवटीचं नाणं काढलं आणि टोपण पडलं त्याच जागी सोडलं. मग शेजारच्या काकांनी, मग सगळ्यांनीच. नावाडी वल्हं थांबवून माझ्याकडे बघत होता. शेवटी मीही नाणं टाकलं. एकट्यानंच कोरडं बसून राहणं बरं दिसेना.

महाद्वारापाशी चप्पल काढली, ती गेली. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म याच पंढरपुरातला, १९१५ चा, आणि ते पुढे जगभर अनवाणी हिंडले. चला, तेवढी तरी बरोबरी झाली! कॅमेरा ठेवून या, असं मला तिथंच सांगण्यात आलं आणि मी भयंकर रुसलो. इतक्या लांबून आलो, मला आत का नाही, वगैरे तणतणत ज्या दगडाला टेकलो होतो तिथून एका गृहस्थांनी हळूच बाजूला केलं. ती चोखोबांची समाधी होती. समोर नामदेव पायरी. ज्याला हयातभर आत घेतलं नाही, तो संत शतकानुशतकं दाराबाहेर आहे. आणि त्याच्या माणसांसाठी ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना इथं, तनपुरे महाराजांच्या मठात, १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. माझी तक्रार काय, तर कॅमेऱ्याला प्रवेश नाही. मी गप्प कॅमेरा ठेवून आलो.

हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करायचं, हे मला कळेना. खिशात घातले, मागे बांधले, शेवटी कमरेवर ठेवले. त्या गावात ते फारच आगाऊपणाचं दिसलं. देवळात गेलो की मी फोटो काढतो. त्यामुळे हात जोडायचे की नाही, माझा देवावर नक्की विश्वास आहे की नाही, असले प्रश्न आजवर परस्पर मिटत आले होते. आता दर्शनबारीच्या टोकाकडे बघत तसाच उभा होतो, तेवढ्यात एक मराठवाड्याकडचा शेतकरी शेजारी येऊन थांबला. त्याच्या टाचांच्या भेगांत वाटेवरची काळी माती तशीच होती. त्यानं कळसाकडे बघून हात जोडले, बुक्क्याची पुडी बंडीच्या आतल्या खिशात सारली आणि वळला.

"निघालात? दर्शन?"

"झालं की. पेरणी खोळंबलीय, माउली. त्याला ठाऊक आहे."

हा आळंदीपासून चालत आला होता. मी गाडीनं आलो होतो आणि मला जवळून, समोरून, चांगल्या उजेडात हवा होता! त्या माणसाचा फोटो काढायला माझ्याकडे काहीच नव्हतं. बारी तासन् तास हलणारी नव्हती, मीही मग कळसाकडे बघितलं. हात जोडले की नाही ते आठवत नाही. बायको म्हणते, जोडले होते.

परतीच्या वाटेवर तिनं मला एका फोटोवाल्यापुढे उभं केलं. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर विठ्ठल-रखुमाई, आणि बाजूला ठेवायला थर्माकोलची वीट. माझ्या कॅमेऱ्याकडे बघून तो म्हणाला, "हा जरा खाली ठेवा, फोटोत बरा नाही दिसत." मग, "माउली, पोट आत. माउली, जरा इकडे बघा!" मी बघितलं, फ्लॅश उडाला, आणि माझे डोळे मिटले.

माझ्या शेकडो फोटोंतला एकही घरात लागला नाही. हा मात्र बायकोनं फ्रेम करून हॉलमध्ये, दाराच्या बरोबर समोर लावला. सासूबाई येतात तेव्हा दर एकादशीला त्याला ताजा हार घालतात. विठोबाला घालतात, मान्य आहे, पण फोटोत मीही आहे, पांढऱ्या सदऱ्यात, डोळे मिटून, कपाळाला गंध लावून. नवा माणूस दारात आला की चप्पल काढता काढता एकदम हळू बोलायला लागतो. परवा मी आत आंघोळीला गेलो होतो, आणि कुरिअरच्या पोरानं सही घेता घेता बायकोला विचारलं,

"कधी झालं हो, काकू?"