मिठाचे मोर्तब

आमच्या नानांकडून आलेला खाऊ पोचपावतीवर सही केल्यावाचून तोंडात टाकता येत नाही. डब्याच्या झाकणाखाली घडी घातलेला एक कागद असतो; त्यावर नगांची संख्या, तयार केल्याची तिथी व तारीख दोन्ही, आत वापरलेल्या जिनसांची फेरिस्त, आणि तळाशी ‘वरील जिन्नस सुस्थितीत पावले’ असा मजकूर लिहून त्यापुढे सहीपुरती मोकळी जागा सोडलेली असते. चौतीस वर्षे मामलेदार कचेरीत काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाच्या हातून एवढे व्हावयाचेच. नवल ते हे की, त्या डब्यात लाडू नसतात, चकल्या नसतात, तर कागदी द्रोणांत बसविलेली, पोटात भाजल्या दाण्यांचे मऊसूत लोणी बाळगणारी आणि माथ्यावर मिठाचे दोन-तीन शुभ्र कण मिरविणारी चॉकलेटे असतात. वहिनी त्यांना ‘ह्यांच्या वड्या’ म्हणतात. नानांच्या दप्तरी मात्र त्यांची नोंद ‘लवणांकित दाणेगर्भ चॉकलेट’ ह्या नावाने आहे.

निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात शिरणारा पुरुष अलीकडे आपल्याकडे गल्लोगल्ली आढळू लागला आहे, आणि नाना हे त्या वर्गाचे पेण मुक्कामीचे मुखत्यार होत. हा मनुष्य आमटीभाताच्या वाटेस कधीही जात नाही, कारण त्या खात्यावर एक वरिष्ठ अधिकारी पूर्वीच नेमलेला असून त्याची तपासणी कडक असते, हे तो पुरते जाणून असतो. तो असा पदार्थ हुडकून काढतो की, जो घरात पूर्वी कोणी केलेला नाही, ज्याविषयी सासूबाईंची काही शिकवण नाही आणि म्हणून ज्यात चूक काढण्याचा अखत्यार कोणासही पोहोचत नाही. चॉकलेट ह्या दृष्टीने निर्वेध मुलूख होता. शिवाय नानांना, ज्यावाचून त्यांचे पान हलत नाही असा, एक पूर्वदाखलाही सापडला होता: अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांती हर्शे नावाच्या गावी, तेथील चॉकलेटसम्राटाच्या गोठ्यावर नोकरी केलेल्या रीझ नामक गृहस्थाने स्वतःच्या घराच्या तळघरात मिठाईचा उद्योग मांडला आणि १९२८ साली दाण्याच्या लोण्याने भरलेले चॉकलेटचे द्रोण बाजारात आणले. नोकरदार माणूस, घरगुती जागा, दाणे! नानांच्या लेखी त्यांचा अर्ज तेथेच मंजूर झाला होता.

दाण्यांपाशी प्रथम खटका उडाला. मराठी घरात भाजलेला दाणा मिक्सरमध्ये जातो तो कूट होऊन बाहेर येण्यासाठी. कूट झाले की खिचडी आणि कोशिंबीर वाट पाहत असतात, आणि त्यापुढे यंत्र फिरविणे म्हणजे कूट तेलकट करून टाकणे, हा निष्काळजीपणाचा गुन्हा समजला जातो. नानांचे म्हणणे असे की, महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या ह्या कुटाच्या वेशीवरून माघारी फिरत आला. अटकेपार जाणाऱ्यांना आणखी पाच मिनिटे धीर निघाला नाही. धीर धरला तर कुटाचा आधी ओलसर गोळा होतो, तो भांड्याच्या कडेला चिकटून हट्टाने बसतो, झाऱ्याच्या दांड्याने त्याला वारंवार खाली लोटावे लागते, आणि मग दाण्यांतले तेल सुटून तो एकाएकी शरण येतो व पळीवाढा होऊन वाहू लागतो. हे नानांनी अर्धा किलो दाण्यांवर सिद्ध केले. वहिनी एवढेच म्हणाल्या, “मिक्सर तापलाय. तो जळला तर त्याचाही दाखला काढून ठेवा.”

चॉकलेटाची बाब अधिक नाजूक. बाजारात कंपाउंड नावाची लादी मिळते. तीत कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, ती वितळवावी, साच्यात ओतावी, थंड करावी, की काम संपले. गावोगावच्या वर्गांत शिकविली जाणारी बहुतेक घरगुती चॉकलेटे तिचीच असतात आणि मला ती आवडतात, हे येथे लपवीत नाही. नाना तिला ‘भाऊसाहेबांचा तोतया’ म्हणतात: रूप तेच, चाल तीच, पण पानिपतावर गेलेला मनुष्य हा नव्हे. अस्सल चॉकलेटातील कोको बटर गोठताना सहा निरनिराळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते, आणि त्यांपैकी पाचव्या प्रकारालाच चकाकी असते, तोडताना कट्‌कन आवाज असतो आणि जिभेवर विरघळण्याची बुद्धी असते. म्हणून चॉकलेट आधी ४५ अंशांपर्यंत तापवून सर्व जुने स्फटिक बरखास्त करावयाचे, मग २७ अंशांच्या आसपास उतरवावयाचे आणि पुन्हा ३१ पर्यंत चढवावयाचे, म्हणजे सहा अर्जदारांपैकी पाचवा तेवढा रुजू होतो आणि बाकीच्यांचे अर्ज दप्तरी दाखल होतात. ह्या सर्व कारवाईला नानांनी ‘जमाबंदी’ असे नाव दिले आहे, आणि आपल्या ह्या श्लेषावर ते अद्यापही दर खेपेस नव्याने हसतात.

पहिल्या जमाबंदीस त्यांनी घरातला तापमापक घेतला होता. तो मनुष्याच्या तापासाठी केलेला असल्यामुळे ३५ अंशांच्या खाली काही बोलेना, आणि नाना ‘पारा सहकार्य करीत नाही’ असा शेरा मारून बसले. शेवटी वहिनींनी भांड्यातला एक थेंब बोटाच्या टोकावर घेऊन खालच्या ओठाला लावला व म्हणाल्या, “विरजणाच्या दुधापेक्षा गारच आहे की हे. ओता आता.” ओतले, आणि ते आरशासारखे जमले. पुढे नानांनी चांगला सळईचा तापमापक मागविला. तो ३१ दाखवू लागला की ते वहिनींना हाक मारतात, वहिनी ओठाला थेंब लावून ‘हं’ म्हणतात, आणि मग नाना वहीत ‘तापमापकाची रुजवात घेतली’ असे लिहितात. रुजवात कोणाशी, ते लिहीत नाहीत.

मागल्या पौषात एक अपघात झाला, त्याचा पंचनामा मी स्वतः पाहिला आहे, कारण पंच मीच होतो. खालच्या पातेल्यातील पाणी अंमळ जास्त उकळले, वाफेचा एक थेंब वरच्या भांड्यात उतरला, आणि क्षणापूर्वी रेशमासारखे झुळझुळणारे अर्धा किलो चॉकलेट डांबरी खडीसारखे गोळा होऊन बसले. चॉकलेटात पाणी जवळजवळ नसतेच. त्यातील साखरेला थोडीशी ओल मिळाली की तिचे कण एकमेकांना धरून बसतात, हा त्यातला कार्यकारणभाव. नानांनी ‘वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटे, पातेल्याची दिशा पूर्व’ येथपासून प्रारंभ करून सव्वा पान मजकूर लिहिला. वहिनींनी तेवढ्यात त्या गोळ्यात कपभर गरम दूध घालून ढवळले आणि सर्वांना प्यावयास दिले. मुद्देमाल अशा रीतीने नष्ट झाल्याने चौकशी तहकूब करावी लागली.

पण नानांचा जीव खरा मिठात आहे. पेण हा खाडीकाठचा तालुका. मिठागरे येथे कोणाला नवी नाहीत आणि खडेमीठ गोणीने मिळते. तथापि खडेमीठ चॉकलेटावर ठेवले तर दाताखाली खडा यावा तसे लागते, आणि बारीक मीठ टाकले तर नुसता खारटपणा पसरतो. नानांना पाहिजे होते पापुद्र्याचे मीठ, जे दिसावे, कुरकुरावे आणि लगेच नाहीसे व्हावे. म्हणून ते खडेमीठ पाण्यात विरघळवितात, फडक्यातून गाळतात आणि पसरट परातीत अगदी मंद आचेवर ठेवून दोन-दोन तास समोर बसून राहतात. पाणी आटत आले की पृष्ठभागावर मिठाचे इवलेसे चौकोन तरंगू लागतात. ते कडांनी वाढत जातात आणि आपल्याच भाराने हळूहळू खाली उतरतात, त्यामुळे प्रत्येकाचा एक पोकळ, पायऱ्या-पायऱ्यांचा, उलटा मनोरा बनतो. तो बुडण्यापूर्वी अलगद झाऱ्यावर घ्यावा लागतो. हा देखावा खरोखर सुंदर असतो. “मिठाचं पाणी करायचं आणि पाण्याचं परत मीठ करायचं,” वहिनी मला म्हणाल्या, “चौतीस वर्षं हेच तर केलं ह्यांनी कचेरीत.” नाना ऐकत होते. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर लोकांनी ह्याच जिनसापायी लाठ्या खाल्ल्या, एवढे सांगून त्यांनी परातीकडे तोंड वळविले.

हे मीठ केव्हा ठेवावे ह्याचा त्यांचा नियम कडक आहे. चॉकलेट ओले असता ठेवले तर ते आत बुडते, पूर्ण गोठल्यावर ठेवले तर टिकत नाही. वरची ओली चकाकी मावळू लागते तेवढ्या मिनिट-दोन मिनिटांच्या अवधीत नाना चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून, चिमटीने एकेका द्रोणावर कण ठेवीत जातात. त्या वेळी घरात कोणी बोलत नाही. जुन्या काळी पत्राचा मजकूर संपला की खाली मोर्तब होत असे, जेणेकरून पुढे कोणास एक अक्षरही वाढविता येऊ नये; नानांच्या चिमटीतले मीठ पाहून मला दर वेळी त्याचीच आठवण होते. मोर्तब झालेल्या नगाला नाना पुन्हा हात लावीत नाहीत. बिनमिठाचा नग त्यांच्या मते ‘मसुदा’ असून तो नातवंडांनी खावा.

गेल्या संकष्टीला त्यांनी एक निवाडाही दिला. दाणे, बटाटा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो ते झाड, ही सारी मंडळी मूळची अमेरिका खंडाची असून उपवासास चालतात. कोकोचे झाडही त्याच मुलखाचे. सबब समान न्यायाने चॉकलेट चालावे, मात्र मोर्तब सैंधवाचे असावे. वहिनींनी निवाडा वाचून वरिष्ठांकडे, म्हणजे देवाकडे, पाठविला आहे असे सांगितले. नानांनी त्या रात्री चंद्रोदयापर्यंत वाट पाहिली.

आषाढात आमच्याकडच्या दमट हवेत ते मीठ पाझरते आणि चैत्रात चॉकलेट डब्यातच पातळ होते, म्हणून हंगाम मार्गशीर्ष ते माघ एवढाच. त्या दिवसांत पेणला येणे झाले तर नानांकडे अवश्य जावे. लवणांकित चॉकलेट उत्तम असते, पंच ह्या नात्याने मी ते लिहून द्यावयास तयार आहे. फक्त जाताना स्वतःचा डबा न्यावा. नानांचे सात डबे गावात थकबाकीत आहेत, त्यांपैकी दोन माझ्याकडे आहेत, आणि रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यांत काय भरावे ह्याचा आमच्या घरात अद्याप निकाल लागलेला नाही.