कंसातली माणसं

गृहनिर्माण सोसायटीचे उपविधी छापील मिळतात. ते सहसा कोणी वाचत नाही, आणि वाचले म्हणून सोसायटी चालते असंही नाही. सोसायटी चालते ती खजिनदाराच्या एक्सेल शीटवर. त्यातही खरं सांगायचं तर ‘एकूण देय’ या कॉलममधल्या एकाच फॉर्म्युल्यावर. सेलमध्ये दिसतो तो शहाण्यासारखा एक आकडा, ३,२५०. पण त्यावर क्लिक केलं की वरच्या पट्टीत जे उलगडत जातं ते पाहून नवा माणूस माऊस बाजूला ठेवतो आणि आधी चहा मागवतो. इफच्या पोटात इफ, त्याच्या पोटात आणखी एक, मधूनच एखादा ‘अँड’, एखादा ‘ऑर’, आणि शेवटी ओळीने मिटलेले नऊ कंस.

आमच्या कमिटीवर मी ‘ह्याला कॉम्प्युटर कळतो’ एवढ्याच आरोपाखाली आहे. जुने खजिनदार मुलाकडे कॅनडाला गेले, नव्या खजिनदारांनी पेनड्राइव्ह ताब्यात घेतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. “एवढं जरा सोडवून द्या,” म्हणाले.

इफचं मागणं तसं मोजकंच असतं. अट सांगा, ती पुरी झाली तर काय करायचं ते सांगा, नाही झाली तर काय करायचं तेही सांगा. पहिल्या दोन गोष्टी आपल्याला सहज जमतात. तिसरीचं आपल्याला वळणच नाही. “जमलं तर येतो”, “पाऊस थांबला तर निघू”, “पगार झाला की देतो” ही आपली सगळी वाक्यं तिसऱ्या खान्याच्या अलीकडेच संपतात. जमलं नाही तर काय, असं समोरच्याने विचारायचं नसतं. विचारलं तर तो भांडकुदळ. एक्सेलही विचारत नाही. तिसरा खाना लिहिलाच नाहीत तर अट खोटी ठरल्यावर ते सरळ ‘फॉल्स’ लिहून मोकळं होतं.

या मोकळेपणामुळे आमच्याकडे एक आठवडा चांगलाच गाजला होता. जुन्या खजिनदारांनी शेऱ्याच्या कॉलमात ‘थकबाकी असेल तर: कृपया भरावी’ एवढंच घातलं होतं. नसेल तर काय, ते राहिलं. यादी छापून लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागली. थकबाकीदारांपुढे नम्र विनंती, आणि दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता चेक देणाऱ्या सज्जनांपुढे मोठ्या अक्षरांत ‘फॉल्स’. बँकेतून निवृत्त झालेले चौथ्या मजल्यावरचे काका ती यादी बोर्डावरून काढून थेट चेअरमनच्या घरी. “आयुष्यात माझा एक चेक परत गेला नाही, आणि तुम्ही मला खोटं ठरवता?” हे मशीनने लिहिलंय, असं त्यांना सांगितलं. “मग मशीनला समजावा,” ते म्हणाले. मशीनला समजावणं सोपं होतं. तिसऱ्या खान्यात दोन अवतरणचिन्हं लागून लिहायची, मध्ये काही नाही, की सेल कोरा राहतो. काकांचं कोऱ्या जागेवर समाधान होईना. आता तिथे ‘धन्यवाद’ येतं.

असाच तो फॉर्म्युला वाढत गेलेला. स्प्रेडशीट ज्या गरजेतून जन्मली ती मात्र अगदी वेगळी होती. १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनच्या मनात आलं की फळ्यावर मांडलेल्या हिशेबात एक आकडा बदलला तर प्राध्यापकांना त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, ते काम यंत्राने का करू नये? त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने मिळून व्हिसिकॅल्क तयार केलं आणि १९७९ मध्ये ते ‘ॲपल टू’ या कॉम्प्युटरवर आलं. आकडे बदलणार आणि त्यांना जोडणारं सूत्र तेच राहणार, हे यात धरूनच चाललेलं. हार्वर्डच्या फळ्यावरच्या कंपन्यांचं तसं असेलही. आमच्याकडे आकडा वर्षानुवर्षं हलत नाही (मेंटेनन्स वाढवायचा विषय निघाला की एरवी न जमणारा कोरम आपोआप भरतो). सूत्राला मात्र प्रत्येक खजिनदाराने हात लावलेला.

मी आतल्या कंसापासून बाहेर वाचत निघालो. एक्सेल कंसांच्या जोड्या वेगवेगळ्या रंगांत दाखवतं, म्हणून कोणता कंस कोणाचा ते कळतं. आणि थोड्या वेळाने ध्यानात आलं की जवळपास प्रत्येक कंसात एकेक माणूस बसलाय.

पहिल्या तळमजल्याच्या आजी. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत सारखा वाटायचा, मग कोणी लिफ्ट वापरो न वापरो, असं उपविधी सांगतात. आजींनी कधीकाळी सभेत उभं राहून विचारलं होतं, “मी लिफ्टने कुठे जाणार रे, जमिनीखाली?” यावर कोणापाशी उत्तर नव्हतं. उपविधींच्या विरुद्ध ठराव करता येत नाही, म्हणून तो झाला नाही. इतिवृत्तात चकार शब्द नाही. पण फॉर्म्युल्यात स्वच्छ लिहिलंय: मजला शून्य असेल तर लिफ्टचा आकार निम्मा. गंमत म्हणजे सहाव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटपुढे मजला लिहायचाच राहिला होता. रिकामा सेल शून्याशी ताडून पाहिला तर एक्सेलला दोन्ही सारखेच. त्यामुळे ते गृहस्थ इतकी वर्षं तळमजल्याची सवलत घेऊन लिफ्टने सहाव्या मजल्यावर जात होते.

मग नॉन-ऑक्युपन्सी. फ्लॅट भाड्याने दिला तर ती लागते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, हे राज्य सरकारने २००१ साली ठरवून दिलंय. घरात सभासदाचा मुलगा, लग्न झालेली मुलगी, नातवंडं राहत असतील तर तीही नाही. म्हणून शीटमध्ये ‘कोण राहतं’ असा कॉलम आहे, आणि फॉर्म्युला त्यात ‘मालक’, ‘मुलगा’, ‘मुलगी’, ‘नातू’ असे शब्द शोधतो. अ-५०१ पुढे लिहिलं होतं: ‘पुतण्या, पण मुलासारखा’. एक्सेलला बरोबरचं चिन्ह कळतं, ‘सारखा’ कळत नाही. तेव्हा अ-५०१ साठी खास वेगळा इफ. नियमावर बोट ठेवलं तर तो टिकणार नाही. पण सांगलीला राहणाऱ्या सभासद काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन त्या पुतण्याने एकट्याने निभावलं, आणि आमच्या टाकीचा बॉल-कॉक मध्यरात्री अडकला की गच्चीवर तोच चढतो. कुठला खजिनदार हा इफ पुसेल?

याच कॉलमात दुसरीही भानगड निघाली. मोबाइलवरून शीट भरताना कीबोर्ड शब्द सुचवतो, आणि तो निवडला की पुढे आपणहून एक स्पेस सोडतो. ‘मालक’ आणि स्पेस सोडलेला ‘मालक’ डोळ्यांना एकच, एक्सेलला दोन. एवढ्या एका स्पेसपायी स्वतःच्या घरात राहणारे एक गृहस्थ भाडेकरू ठरले होते आणि मुकाट्याने १० टक्के भरतही होते. त्यावर ‘ट्रिम’ नावाचा इलाज आहे, तो केला. मराठीत लिहिणाऱ्याची पंचाईत मात्र तेवढ्याने संपत नाही. ‘ॲडव्हान्स’ हा शब्द घ्या. एक कीबोर्ड ‘ॲ’ हे सबंध अक्षर टाकतो, दुसरा आधी अ लिहून त्यावर चंद्र चढवतो. दिसायला जुळी भावंडं, आत संकेतांक वेगळे. तिथे ट्रिमचीही मात्रा चालत नाही. शेवटी सरळ ‘आगाऊ’ लिहायचं ठरलं. वेळेआधी पैसे भरणाऱ्या सभासदाला आगाऊ म्हणणं कितपत बरं, हा मुद्दा पुढच्या सभेवर ढकलला आहे.

व्याजाच्या कंसात मजा निराळी. थकबाकीवर उपविधी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावू देतात. आमच्याकडे मवाळपणाने तीन टप्पे केलेले: एक महिना झाला तर थोडं, सहा झाले तर जास्त, वर्ष झालं तर पुरतं. पण इफ रांगेत विचारतो, आणि पहिला होकार मिळाला की पुढे कोणाला विचारत बसत नाही. रांगेत ‘एक महिना झाला का’ हा प्रश्न सगळ्यात पुढे ठेवलेला. वर्षभर थकवणाऱ्याचाही महिना झालेला असतोच. तो तिथेच ‘हो’ म्हणून किरकोळ व्याजात सुटायचा. पुढचे दोन टप्पे नुसते शोभेला.

सगळ्यात गूढ होता बी-३०२. त्यांना दरमहा दोनशे रुपये कमी. का, ते कोणीच सांगेना. शेवटी जुन्या वॉचमनने उलगडा केला. कधीतरी सोसायटीच्या मीटरची वीज तोडली गेली, तेव्हा पाण्याचा पंप काही दिवस बी-३०२ च्या मीटरवर चालला होता. पुढे मीटर आला, पंप बदलला, फ्लॅटसुद्धा विकला गेला. नव्या मालकांना आपल्याला दोनशे कमी का लागतात ते ठाऊक नाही, आणि ते विचारायला येणार नाहीत.

हसायचं कारण नाही. खुद्द एक्सेलने हेच केलंय. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये एका सेलात ६० लिहा आणि त्याला तारखेचं रूप द्या. २९ फेब्रुवारी १९०० अशी तारीख येते. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. त्याला शंभराने भाग जातो, चारशेने जात नाही. तो दिवस कधी उजाडलाच नाही. पण १९८३ साली बाजारात आलेल्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीटने तो धरला होता, आणि लोटसमधले हिशेब जसेच्या तसे चालावेत म्हणून एक्सेलनेही तो धरला. आता काढायला जावं तर जगभरच्या शीटांमधल्या तारखा एकेका दिवसाने सरकतील. म्हणून राहिलाय. मायक्रोसॉफ्टच्या घरातही एक बी-३०२ आहे म्हणायचं. २००३ पर्यंतच्या एक्सेलमध्ये फॉर्म्युल्याच्या पोटात सात पातळ्यांपर्यंतच उतरता यायचं. २००७ पासून ही मर्यादा ६४ झाली. आमचे इफ एकात एक नऊ. म्हणजे जुन्या एक्सेलमध्ये आमची सोसायटी मावलीच नसती.

हे सगळं नीट लावून दिलं आणि एप्रिल महिना आला. नवे खजिनदार स्वभावाने फार मऊ. कोणी पैसे दिले नाहीत तर ‘भरलेली रक्कम’ या कॉलमात शून्य घालणं त्यांच्या जिवावर येतं. ते तिथे लिहायचे, ‘देतो म्हणाले’. शेजारचा फॉर्म्युला साधा होता: भरलेली रक्कम देय रकमेइतकी किंवा जास्त असेल तर ‘जमा’, नाहीतर ‘बाकी’. आता एक्सेलचा एक कायदा आहे. शब्द आणि आकडा यांची तुलना करायची वेळ आली तर शब्द मोठा. कोणताही शब्द कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा. ‘देतो म्हणाले’ हे ३,२५० पेक्षा मोठं, तीन लाखांपेक्षाही मोठं. तेव्हा महिनाअखेरीला शीट सांगत होती की झाडून सगळ्या सभासदांनी पूर्ण रक्कम भरलीय, धन्यवाद. खालची बेरीज मात्र शब्द वगळून फक्त आकडे धरते. तिथे वॉचमनचा पगारही निघत नव्हता.

खजिनदार बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते. मग म्हणाले, “पण म्हणजे शब्दाला किंमत आहे म्हणा अजून.” आधी सेलमध्ये आकडा आहे का, एवढं विचारून घेणारी पायरी घातली आणि प्रश्न मिटला. इफ दहा झाले. ‘देतो म्हणाले’ साठी त्यांनी स्वतःहून वेगळा कॉलम केला. तो सगळ्यात भरलेला असतो.

तेव्हापासून सेक्रेटरींनी तयार सॉफ्टवेअर घ्यायचा धोशा लावलाय. गेल्या महिन्यात एक तरुण डेमो द्यायला आला. बैठक अ-५०१ मध्ये, कारण प्रोजेक्टरला लागणारी मोकळी पांढरी भिंत त्यांच्याकडेच आहे. “काका, तुमचे बिलिंगचे नियम सांगा फक्त,” तो म्हणाला, “पाच मिनिटांत सेट करून देतो.”

“नियम कसले,” चेअरमन म्हणाले. “सगळ्यांना सारखं.”

मुलगा खूश झाला.

“तळमजला सोडून,” सेक्रेटरी म्हणाले.

“आणि बी-३०२,” खजिनदार हळूच म्हणाले.

“आणि ह्या फ्लॅटचं काय आहे? इथे नुसता स्टार दिसतोय.”

“इथे पुतण्या आहे.”

त्याने मेन्यू वर-खाली फिरवून पाहिला. त्यात ओनर होता, टेनंट होता, बंद फ्लॅट होता. “मग पुतण्याला टेनंट टाकू?” त्याने खणखणीत आवाजात विचारलं. पुतण्या स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होता.

“ओनर टाक रे सध्या,” चेअरमन घाईघाईने म्हणाले. “बाकीचं सभेत बघू.”