तळाला भोकं पाडलेली ट्रॉली

मासा आणि बर्फ यांची गाठ सोलापुरात फक्त थर्माकोलच्या खोक्यात पडते. त्यातही मासा मेलेला असतो आणि बर्फ मरायला टेकलेला. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की उजनी धरणातली चिलापी बाजारात पोचेपर्यंत खोक्यात निम्मं पाणीच उरतं, आणि ते वजनात धरलं की नाही यावरून गिऱ्हाइकाचा पारा त्याच्याही वर जातो.

अमेरिकेतल्या मिनेसोटात मात्र मासा जिवंत आणि बर्फ त्याच्या डोक्यावर. तिथली तळी हिवाळ्यात गोठतात. लोक त्या बर्फावर गाडीमागे जोडून चक्क घर नेतात, हँडल फिरवून चाकं वर घेतात आणि घर खाली टेकवतात. घराच्या तळाला भोकं असतातच, त्यांच्याखाली बर्फालाही भोकं पाडायची आणि आत शेगडीपाशी बसून गळ सोडायचा. चालायला ४ इंच बर्फ हवा, छोट्या मोटारीला ९ ते १० इंच, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. मार्चमध्ये ठरलेल्या मुदतीत घर तळ्यावरून काढलं नाही, तर दंड.

माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. त्याने अशा एका घराचा व्हिडिओ वडिलांना, म्हणजे आमच्या दाजींना पाठवला. ‘वा, छान’ एवढ्या उत्तरावर हे प्रकरण मिटायला हवं होतं. पण दाजी निवृत्त झाल्यापासून त्यांच्या घरातल्या कुठल्याच वस्तूला सुरक्षित वाटत नाही.

‘‘आपल्याकडं काय कमी आहे?’’ दाजी म्हणाले. ‘‘उजनी आहे, ट्रॉली आहे.’’

‘‘आणि बर्फ?’’

‘‘तेवढं सोडून बोल.’’

ट्रॉली खरोखरच होती. कारखान्याला ऊस वाहून वाहून बाद झालेली, दाजींच्या चुलतभावाच्या वस्तीवर कोंबड्यांनी ताबा घेतलेली. कोंबड्यांचं पुनर्वसन करून ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका वेल्डरकडे आणली. चौकोनी पाइपचे खांब, वर पत्रा, मागे दार, इथपर्यंत त्याने सगळं मुकाट लिहून घेतलं.

‘‘आणि तळाला चार भोकं,’’ दाजी म्हणाले.

वेल्डरने डोळ्यांवरची काच वर केली. ‘‘मालक, लोक माझ्याकडं भोक बुजवायला येतात. तुम्ही पाडायलाव?’’

‘‘त्यातनं मासा वर येणार.’’

वेल्डरने दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ग्राइंडरकडे पाहिलं. त्याने सगळे पैसे आगाऊ मागितले.

पत्र्याचं खोकं आमच्याकडे फेब्रुवारीतच तापायला लागतं. तिकडे भिंतींत फोम भरतात तो ऊब आत राहावी म्हणून. आम्ही थर्माकोल भरला तो ऊन बाहेर राहावं म्हणून. असा थर उष्णता अडवतो, ती कुठल्या बाजूने आली हे विचारत नाही. थर्माकोलवरून मोराच्या नक्षीची सोलापुरी चादर ठोकली. ती ताईच्या रुखवतातली होती, हे ताईला सगळ्यांत शेवटी कळलं. शेगडीच्या जागी कूलर आला. कूलरला पाणी लागतं. म्हणून चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आमच्या गावातून पिंप भरून ते धरणावर न्यायचं ठरलं. तिकडे मासा लागला की घंटी वाजते, असं भाच्याने सांगितलं होतं. दाजींनी बैलाच्या घुंगरमाळेतली घुंगरं सोडवून दोऱ्यांना बांधली. शिधा म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेतली. मासा महिनाभर आला नाही तरी त्या दोघी टिकतात.

भाड्याचा ट्रॅक्टर जोडून ट्रॉली करमाळ्याच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्यावर नेली. आता सगळ्यांनी टाळलेला प्रश्न समोर आला. बर्फ हाच तिकडे पाया. इथे भोकाखाली पाणी हवं तर ट्रॉलीच पाण्यात घालायला हवी. दाजींनी ती उलटी घालायला सांगितली, मागची चाकं पाण्यात आणि तोंड काठाकडे. तिथल्या एका मच्छीमाराला त्यांनी मिनेसोटाच्या ऐटीत विचारलं, ‘‘इथं गाळ किती इंच?’’

‘‘इंचात नाही सांगता येत,’’ तो म्हणाला. ‘‘म्हशीच्या पोटापर्यंत धरा.’’

ट्रॉली तेवढीच रुतली. दुपारभर आम्ही मोरांच्या सावलीत बसलो. घुंगरं सारखी वाजत होती, ती वाऱ्याने. संध्याकाळी तो मच्छीमार जाळं गुंडाळून परत आला, त्याच्या पाटीत चिलापी फडफडत होती. त्याने आत डोकावून घर निरखलं. ‘‘झ्याक झालंय,’’ म्हणाला, ‘‘पण मासे धरायला घरात कशाला बसायचं?’’ ट्रॅक्टरने ओढ ओढ ओढलं, ट्रॉली हलेना. गाळ वाळल्यावर या, असा सल्ला घेऊन आम्ही परतलो.

उजनीचं गणित सोलापूरकराला तोंडपाठ असतं. भीमेवरचं १९८० मध्ये पूर्ण झालेलं हे धरण ११७ टीएमसीचं. त्यातला निम्म्याहून जास्त साठा ‘मृत’. उन्हाळ्यात कालव्याला सोडा, नदीला सोडा, असं करत पाणी उपयुक्त साठ्याच्या खाली गेलं की धरण उणे टक्क्यांत मोजतात. जमिनीला उतार कमी, त्यामुळे पातळी जराशी उतरली तरी काठ लांब पळतो. पळसदेवचं बुडालेलं देऊळ डोकं वर काढतं आणि मोकळ्या गाळात शेतकरी गाळपेर करतात.

एप्रिलमध्ये ट्रॅक्टर घेऊन गेलो तेव्हा पाणी क्षितिजावर एक रेघ होऊन राहिलं होतं आणि ट्रॉली हिरव्यागार मक्यात उभी होती.

मी हसण्याआधीच दाजी म्हणाले, ‘‘मिनेसोटात मार्चला घर तळ्यावरून काढतात. आपल्याकडं तळं घराखालून काढतात. मुदत पाळल्याशी कारण.’’

तेवढ्यात ट्रॉलीचं दार उघडून गाळपेरवाला बाहेर आला. तो राखणीला तिथेच झोपत होता. घुंगरांच्या दोऱ्या मक्यात बांधल्याने रानडुकरांची वर्दी त्याला आतच मिळत होती.

‘‘मालक, घर लई भारी,’’ तो डोळे चोळत म्हणाला. ‘‘आणि भोकं तर काय डोक्यानं पाडलाव! रात्री खालनं गार वारं येतंय. पुढच्या साली अजून दोन पाडा.’’

दाजींनी लगेच वेल्डरला फोन लावला.