स्क्रीन फुटली, यंत्र नाही

ॲपलच्या आयपॉडची स्क्रीन फुटली की दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं. "जुनं मॉडेल आहे, पार्ट येत नाही. नवीन मोबाईल घ्या." वस्तू उलटून बघायचीही तसदी नाही. मला या उत्तराचा राग येतो, कारण बऱ्याचदा ते खरं नसतं.

२००५ साली आलेला पाचव्या पिढीचा आयपॉड घ्या, पहिल्यांदा व्हिडिओ दाखवणारा. अडीच इंची स्क्रीन, आत फिरती हार्डडिस्क. तो हातातून पडला की स्क्रीनवर शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतो. पण इयरफोन लावून बघा, गाणं चालू असतं. चाकावर अंगठा फिरवला की आवाज कमी-जास्त होतो. हवं ते गाणं निवडता येत नाही, एवढंच. गेलेला असतो तो एकच सुटा भाग.

सुटा, हे महत्त्वाचं. वरचं पारदर्शक प्लास्टिक वेगळं आणि खालची एलसीडी वेगळी, दोन्ही एकमेकांना चिकटवलेली नाहीत. बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही म्हणून माणूस बिचकतो. गिटारचं पिक किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी पुढची बाजू आणि स्टीलची पाठ यांच्या फटीत सरकवत नेली, की आतल्या खाचा एकेक करत सुटतात. इथं घाई नको. बॅटरीची एक आणि इयरफोनच्या जॅकची एक, अशा दोन नाजूक रिबन पाठीला अजून जोडलेल्या असतात. हिसका दिलात तर त्या फाटतील. रिबन जिथं बोर्डात शिरते तिथं एक इवलासा खटका असतो, तो नखाने उचलायचा. रिबन ओढायची नाही, खटका उचलायचा. साऱ्या दुरुस्तीतलं कसब तेवढंच. पुढे हार्डडिस्क बाजूला काढा, कडेचे बारीक स्क्रू सोडवा, आतली चौकट उचला, जुनी स्क्रीन काढून नवी बसवा. पाठ दाबून बंद करण्याआधी एकदा चालू करून बघा.

२००७ च्या आयपॉड क्लासिकला मात्र हात जपून लावा. त्याची पुढची बाजूही धातूची, खाचा घट्ट, आणि उघडताना कड वाकली की ती पुन्हा सरळ होत नाही. तो सरावलेल्या कारागिराकडेच द्यावा.

इतकी उठाठेव कशाला, असं विचारणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे: त्या यंत्रात काय आहे, ते माहीत आहे का? आपल्याकडे खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणं कॅसेटवरून कॅसेटवर, मग एमपीथ्री होऊन हातोहात फिरली. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाच्या वडिलांनी रेडिओवरून टेप केलेलं नाट्यसंगीत. अशी गाणी आयट्यून्समधून आयपॉडमध्ये जात, पण तिथून संगणकावर परत घ्यायची सोय ॲपलने ठेवली नव्हती. ज्या घरचा जुना संगणक गेला, तिथं ती गाणी आता फक्त त्या फुटक्या स्क्रीनमागे आहेत. "नवीन घ्या" म्हणणारा ती परत आणून देणार आहे?

स्क्रीनचा प्रश्न कंपनीला ठाऊक नव्हता असंही नाही. २००५ च्या सप्टेंबरात पहिला आयपॉड नॅनो आला आणि काही आठवड्यांत लोक तडकलेल्या, ओरखडलेल्या स्क्रीन घेऊन उभे राहिले. ॲपलने काही नगांच्या स्क्रीनमध्ये दोष असल्याचं मान्य केलं आणि त्या बदलून दिल्या. ओरखड्यांच्या तक्रारीवर मात्र अमेरिकेत ग्राहकांना कोर्टात जावं लागलं. ग्राहक भांडला म्हणून कंपनी हलली.

आज भांडायचं आहे ते गोंदाशी. मोबाईलची वरची काच आणि खालचा डिस्प्ले गोंदाने एकजीव केलेला असतो, त्यामुळे काचेला तडा गेला तरी सगळं बदलायचं आणि तेवढं बिल भरायचं. हा जाडी कमी ठेवण्यासाठी घेतलेला निर्णय आहे, आणि त्याची किंमत ग्राहकाला खरेदी करताना कुणी सांगत नाही. फ्रान्समध्ये २०२१ पासून मोबाईल विकताना तो किती दुरुस्त होऊ शकतो याचे दहापैकी गुण दाखवावे लागत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. पण पोर्टल शोधून वाचावं लागतं, ते गुण विकत घेतानाच समोर दिसत. मला ते खोक्यावर हवेत, किमतीच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात.

तोवर इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार आहेत: पुण्याची तपकीर गल्ली आहे, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. तिथं एका दुकानातल्या "नाही"वर परत फिरू नका, शेजारच्या गाळ्यात विचारा. जाताना पाठीवर बारीक अक्षरात कोरलेला मॉडेल क्रमांक लिहून न्या. व्हिडिओवाल्यावर ए११३६ असतं, क्लासिकवर ए१२३८. दोघांची स्क्रीन वरून सारखी दिसते, म्हणून नुसतं "आयपॉडची द्या" म्हणू नका. आणि जुनी काढून झाल्यावर नवी तिच्या शेजारी ठेवून रिबनची लांबी नि टोक जुळतंय ना ते बघा, मगच पैसे द्या.