टेस्टरवाले काकाजी

मोहाडीत कुणाचा फ्रीज बंद पडला की मेकॅनिकच्या आधी काकाजी पोचतात. असे काकाजी प्रत्येक गल्लीत एक तरी असतात. खिशात पेनाशेजारी टेस्टर, आणि विजेशी आयुष्यभराचा संबंध बिल भरण्यापुरता. कधी काळी चौंडेश्वरीच्या नवरात्रात मंडपातला एक ढिला होल्डर त्यांनी घट्ट केला होता. तेवढ्या पुण्याईवर सगळी गल्ली त्यांच्या हाती आहे.

"काहून जी, फ्रीज नाई चालून रायला म्हने?" विचारत ते थेट स्वयंपाकखोलीत शिरतात. टेस्टर प्लगात. तांबडा ठिपका पेटतो. "लाईन त येऊन रायली. गॅस उडाली तुमची."

या निदानात बदल होत नाही. वास्तविक गॅस गेली तर कॉम्प्रेसर दिवसभर चालतो, नुसता थंड करत नाही. इथे तो मुळात उठतच नाही. मे महिन्याची दुपार, घरोघरी कूलर, त्यात नळ आला की जो तो नळाला मोटर लावतो. डीपीपासून सगळ्यात लांबच्या घरात २३० व्होल्टचे १९० उरतात, आणि कॉम्प्रेसर उठू गेला की दीडशे. टेस्टरला त्याचे सोयरसुतक नाही. दीडशेलाही तो तसाच लाजून लाल होतो. फ्रीजमधला दिवाही लागतो, म्हणजे काकाजींना साक्षीदार मिळाला.

कॉम्प्रेसरचे मात्र हाल. व्होल्टेज घसरले की मोटरचा जोर त्याच्या वर्गाने घसरतो. दीडशेवर निम्माही राहत नाही. मग घुंऽऽऽ आवाज येतो, मोटर जागची हलत नाही, नुसता करंट ओढते, वायंडिंग तापते आणि ओव्हरलोड 'टक्' करून लाईन तोडतो. निवला की पुन्हा घुंऽऽऽ, पुन्हा टक्.

"पिस्टन अडकला," काकाजी कान लावून सांगतात आणि प्लग काढून लगेच खुपसतात. नेमके हेच करू नये. आतल्या गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला चार-पाच मिनिटे लागतात; तेवढा दम न धरता चालू केले तर धडधाकट व्होल्टेजवरही मोटर अडते. पण दम धरणे हा काकाजींच्या शास्त्रातला उपचारच नाही. त्यानंतरचा उपचार म्हणजे फ्रीजला थाप.

शेवटी वरठीहून आयटीआय झालेला पोरगा येतो. फ्रीज भिंतीपासून ओढतो, मीटर लावून गप्प बसतो. एरवी काटा १९० वर. घुंऽऽऽ झाले की त्याच क्षणी १५० च्या खाली. मग रिले काढून कानाशी हलवतो. खुळखुळला असता तर आतली वडी फुटलेली. कॉम्प्रेसरच्या तीन पिना मोजतो. कॉमन-रन आणि कॉमन-स्टार्टची बेरीज स्टार्ट-रनएवढी भरली, म्हणजे वायंडिंग शाबूत.

"मशीन चांगली हाय काकाजी. व्होल्टेज नाई."

"थे ठीक हाय. पन आलाच हायस त गॅस भरून दे."

पोरगा ऐकत नाही हे नशीब, कारण अलीकडच्या बऱ्याच फ्रीजमधली गॅस पेट घेणारी असते. तो उशिराने चालू होणारा स्टॅबिलायझर लावायला सांगतो, आणि वर हेही सांगतो की स्टॅबिलायझर व्होल्ट वाढवतो ते लाईनीतून जास्त करंट ओढून. गल्लीत सगळ्यांनी लावले तर शेवटच्या घराचे काही खरे नाही. खरा इलाज डीपीकडे. अर्ज करा.

अर्ज म्हटल्यावर काकाजींच्या अंगात येते, आणि इथे मात्र त्यांना तोड नाही. 'विषय : कमी दाबाच्या वीजपुरवठ्याबाबत' असे ठसठशीत अक्षरात लिहून, सहा टक्क्यांहून जास्त घट नियमात बसत नाही, म्हणजे २१६ च्या खाली चालणार नाही, हे पोराकडून विचारून घेऊन ते साहेबाला सुनावतात. तळाला स्वतःची एक मागणी जोडतात : नळ आणि लाईन एकाच वेळी सोडू नये. मग भर उन्हात घरोघर सह्या गोळा करत फिरतात. तोवर त्यांच्या घरी नळाला लावलेली एक हॉर्सपॉवरची मोटर टाकी भरून वाहू लागली तरी चालूच असते.