वर्गसमीकरणाची मुळे: पाचोरा व परिसरातील पालकांसाठी मार्गदर्शिका

घरात दहावीचे पोर आहे, ‘गणित भाग १’चे दुसरे प्रकरण सुरू झाले आहे आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी भांडण होते, अशा कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. भडगाव आणि जामनेर तालुक्यांतल्या पालकांनीही ती वापरावी, आमची हरकत नाही.

आधी साहित्य जमवावे. एक वही, पेन्सिल, वीस मीटर तार, एक बंद पडलेली रेल्वे आणि थोडी वानरे. तार बाजारात मिळते. उरलेल्या दोन्ही वस्तू आपल्या जिल्ह्यातच आहेत; पुण्याच्या पोरांना त्या लांबून आणाव्या लागतील.

त्यानंतर घरातल्या त्या काकांना बाहेर पाठवावे, जे अजूनही एका दमात ‘उणे ब, अधिक-उणे वर्गमुळात ब वर्ग उणे चार अ क, भागिले दोन अ’ म्हणून दाखवतात. सूत्र बरोबर आहे. पण त्याचा अर्थ काय, असे पोराने विचारले की काका म्हणतात, ‘आमच्या वेळी असं विचारत नव्हते.’ ते खरेच आहे, आणि म्हणूनच काकांनी हिवरा नदीच्या पुलापर्यंत फिरून यावे.

आता तार घ्यावी आणि परसात जावे. भरिताच्या वांग्यांची रोपे लावली आहेत, शेजाऱ्यांची शेळी त्यांच्यावर टपून आहे, आणि वीस मीटर तारेत आयताकृती कुंपण घालायचे आहे. चारही बाजू मिळून वीस, म्हणजे लांबी आणि रुंदी मिळून दहा. लांबी क्ष धरली तर रुंदी १० − क्ष. घरातल्या मोठ्या बाईंनी सांगितले, ‘चोवीस चौरस मीटर तरी जागा पाहिजे.’ झाले तयार वर्गसमीकरण: क्ष² − १०क्ष + २४ = ०. अवयव पाडले की मुळे येतात ६ आणि ४.

इथे पोर हमखास विचारते, ‘दोन उत्तरं कसाले?’ त्याला रागावू नये. त्याला परसात एकदा रस्त्याच्या बाजूने आणि एकदा विहिरीच्या बाजूने उभे करावे. एकीकडून लांबी सहा दिसते, दुसरीकडून चार. वाफा एकच आहे. कोणत्या बाजूला लांबी म्हणायचे, हे आपण समीकरणाला सांगितलेच नव्हते. म्हणून त्याने दोन्ही बाजू निमूट हातावर ठेवल्या. दोन मुळांची बेरीज दहा आणि गुणाकार चोवीस, हा पाठ्यपुस्तकातला संबंध वेगळा पाठ करण्याची गरज नाही. आपण तेवढेच तर सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंचा विचार बदलतो. पंचवीस हवेत. आता क्ष² − १०क्ष + २५ = ०, आणि मुळे ५ व ५. विवेचक, म्हणजे काकांच्या सूत्रातले वर्गमुळाखालचे ‘ब वर्ग उणे चार अ क’, शून्य. पुस्तक याला ‘वास्तव व समान मुळे’ म्हणते. परसात त्याचा अर्थ एवढाच, की वाफा चौरस झाला आणि कुठूनही पाहिले तरी फरक पडत नाही. तिसऱ्या दिवशी सव्वीस हवेत. विवेचक काढावा: १०० − १०४, म्हणजे उणे ४. ऋण संख्येचे वर्गमूळ वास्तव संख्यांत नसते. सबब वीस मीटर तारेत सव्वीस चौरस मीटरचा आयत बसत नाही, कितीही ओढाताण करा. ‘मुळे वास्तव नाहीत’ हे वाक्य पोराने आजीला सांगण्याऐवजी वडिलांनी सांगावे, आणि लगेच बाजारात तार आणायला जावे.

कार्दानो नावाच्या इटालियन वैद्याने १५४५ साली नेमका हाच हट्ट धरला होता. दहाचे दोन भाग करा, गुणाकार चाळीस आला पाहिजे. त्याने शेळीची पर्वा न करता उत्तर लिहून टाकले, त्यात उणे पंधराचे वर्गमूळ होते. पुढे त्यातून संख्यांची एक नवी दुनियाच उघडली. तिचा उपयोग वीजशास्त्राला झाला, वांग्यांना नाही.

यानंतर रेल्वे. पाचोरा–जामनेर नॅरो गेज, आपली पीजे, ५६ किलोमीटर, २०२० साली थांबली. बंद गाडीचा वेग कोणीही तपासू शकत नाही, म्हणून गणितासाठी ती उत्तम. समजा, गाडीचा वेग ताशी १४ किलोमीटरने वाढवला तर प्रवासाचे दोन तास वाचतात. (शेंदुर्णीला उतरणाऱ्यांनी कृपया मध्ये बोलू नये.) मूळ वेग क्ष मानला की समीकरण येते क्ष² + १४क्ष − ३९२ = ०, आणि मुळे १४ व उणे २८.

बहुतेक वह्यांत पुढची ओळ तयार असते: ‘परंतु वेग ऋण नसतो, म्हणून क्ष = १४.’ मग उणे २८वर काट मारली जाते, जशी लग्नाच्या यादीतून रुसलेल्या मावशीच्या नावावर. ही काट मारू द्यावी, कारण गुण तिच्यावर आहेत. पण पेन्सिल खाली ठेवण्याआधी ते नाकारलेले मूळ एकदा नीट पाहावे. वाढवलेला वेग किती? १४ अधिक १४, अठ्ठावीस. म्हणजे टाकून दिलेला आकडा हा नव्या वेगाचाच, फक्त तोंड फिरवलेला. समीकरणाला आपण दोन वेगांमधला फरक सांगितला आणि वेळेतला फरक सांगितला; गाडी जामनेरला निघाली आहे की तिथून परत येते आहे, हे सांगायचे राहिले. त्याने परतीची गाडीही हिशेबात धरली. या प्रकारच्या प्रत्येक उदाहरणात हेच होते. वर्गात मात्र त्यावर कोणी थांबत नाही, कारण पुढे अंकगणिती श्रेढी वाट पाहत असते.

आता राहिली वानरे. त्यासाठी चाळीसगावला उतरून पाटणादेवीला जावे लागते. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढतो अशी नोंद आहे. शके ११२८चा हा लेख भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. मठाच्या खर्चासाठी पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा लावून दिला होता, असेही त्यात आहे. म्हणजे त्या काळी बाजार गणिताच्या क्लासची फी भरत असे. हा परिच्छेद क्लासच्या संचालकांना दाखवू नये. भास्कराचार्य नेमके कुठे जन्मले, हा वाद बसमधल्या सहप्रवाशांशी घालू नये. विजापूरची माणसेही तयारीची असतात.

११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी पुरा केला. त्यांच्या बीजगणितात श्रीधराचार्यांची रीत त्यांच्या नावानिशी दिलेली आहे. काकांचे सूत्र तिच्यातूनच निघते. शिवाय त्यात वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी वानरे वनात खेळतात आणि बारा टेकडीवर ओरडतात. कळप किती? सोळा किंवा अठ्ठेचाळीस. सोळा असतील तर चार खेळतात, अठ्ठेचाळीस असतील तर छत्तीस. दोन्ही उत्तरे आचार्यांनी मान्य केली.

दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग, एवढी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. मुळे पन्नास आणि पाच. दोन्ही धन, दोन्ही पूर्णांक. पोराच्या वहीत दोघांनाही गुण मिळाले असते. आचार्यांनी पाच नाकारले. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन. उणे दोनचा वर्ग चार येतो, चार आणि एक पाच होतात, हिशेब जुळतो. पण उणे दोन वानरे कोणाला पटत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा काट मारायची ती उत्तरापुढे उणेचे चिन्ह दिसले म्हणून नाही. उत्तर परत गोष्टीत ठेवून, वाटेतल्या प्रत्येक पायरीवर ते उभे राहते का, हे पाहून मारायची. परीक्षेत यासाठी वेगळा गुण नाही, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे.

पाटणादेवीच्या जंगलात प्रत्यक्ष पडताळा घेणाऱ्यांनी भाकरीचा डबा पोटाशी धरावा आणि शांतपणे मोजावे. बहुधा सोळा भरतील. एकवीस भरली तर समीकरण पुन्हा सोडवत बसू नये. वरची पाच आचार्यांनी नाकारलेली आहेत, आणि ती तुमच्या पिशवीपाशी आहेत.