अहवाल परकीय चलनात

घरातला एक माणूस आयटीत लागला की अख्ख्या भावकीचे प्रिंटर त्याच्या नावावर चढतात. मी पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरची चाचणी करतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका दाखवून शत्रू जोडतो. पण साताऱ्यात अण्णांच्या लेखी मी 'कॉम्प्युटरमधला'. त्यामुळे बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"अरे, मराठी गेलं!"

मराठी गेल्याची हाकाटी मी लहानपणापासून ऐकतोय, पण ते इतक्या तातडीने, चहाच्या आधी जाईल असं वाटलं नव्हतं.

अण्णा माझे काका, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त. मिनिटाला 30 शब्दांची मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा ते गोदरेजच्या मशीनवर पास झाले आणि त्यांच्या बोटांनी तोच कळफलक जन्माचा धरला. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल ते अजूनही एका जुन्या मराठी प्रोग्रॅमवर करतात. प्रोग्रॅम कुणाचा ते सांगत नाही. ज्या सिस्टिमवर तो चालतो ती कुणाची, तेही नाही. मोठ्या कंपन्यांचे वकील मोठे असतात आणि माझ्या घराचे हप्ते चालू आहेत.

"उघडत नाही म्हणजे नेमकं काय होतं?"

"चाक फिरतं आणि विझतं."

"काही मेसेज?"

"आला होता, इंग्रजीत. मी ओके केलं."

"काय लिहिलं होतं?"

"सरकारी नोकरीत छत्तीस वर्षं काढली. वाचून कुणी सही करतं का?"

मग त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यात ट्यूबलाइट, फिरता पंखा आणि बनियनमधले अण्णा स्वच्छ आले होते. मेसेज तेवढा ट्यूबलाइटखाली गेला होता.

रात्री अपडेट आलं असणार हे वारावरूनच कळलं. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडण्याची प्रथा मायक्रोसॉफ्टने 2003 साली पाडली, पुढे आणखी काही कंपन्यांनी ती उचलली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. ते हातावेगळं करून मोकळे होतात. आपण बुधवारी तोंड धुवायच्या आत निस्तरायला बसतो. हे सगळं मी काकूला समजावलं. तिचं म्हणणं एकच: मंगळवार गणपतीचा, त्या दिवशी विघ्नं कसली वाटत सुटतात?

शनिवारी साताऱ्याला गेलो. तोवर आजाऱ्याला बघायला यावं तशी आळी येऊन गेली होती आणि प्रत्येकाने आपापलं औषध सांगितलं होतं. समोरच्या मास्तरांनी बंद करून चालू करायला लावलं, मग हेच पुन्हा पण जास्त वेळ बंद ठेवून. आत्तेबहीण म्हणाली, "ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा." अण्णा म्हणाले, "मी हेडक्लार्क होतो. खोटं कशाला सांगू?" बँकेतल्या भाच्याने प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकायचं ठरवलं. सुदैवाने काढण्याआधी सीडी शोधली. ती कपाटात पासबुकांच्या गठ्ठ्यात सापडली, तिच्यावर काकूच्या हाताने 'टाकू नये' असंही लिहिलेलं होतं. पण नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायला जागाच नव्हती. शेवटी बाजारातला एक पोरगा ब्लोअर घेऊन आला, त्याने डबा उघडून धूळ उडवली, तीनशे रुपये घेतले आणि "आता बघा दोन दिवस," असं सांगून गेला.

या गडबडीत कुणीतरी गेल्या वर्षीचा अहवाल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिला. 'सन्माननीय सभासद बंधुभगिनींनो' होतं तिथे डॉलर, पौंड, दोन अर्धविराम आणि टोपी घातलेला 'ए'. अण्णा हबकले. साडेअकरा टक्के लाभांश परकीय चलनात गेला होता.

त्यात बिघाड असा नव्हता. जुन्या मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर आपली अक्षरं बसवली होती. फॉन्ट हजर असेतो 'क' दिसायचा; तो उठला की मूळचा साहेब खुर्चीत दिसायचा. 1991 सालच्या युनिकोडने देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले, त्यात 'क' 2325 वर आहे, कायमचा. हे ऐकून अण्णा म्हणाले, "मग त्याला माझ्या कळफलकावर पाठव." तशी सोय आहे, करूनही देतो म्हटलं, पण सर्वसाधारण सभा पुढच्या रविवारी होती आणि त्यांना सुधारणा नको होती, अहवाल हवा होता.

मी काही सुचवायच्या आधी सिस्टिमची नोंदवही उघडली. बाकी कुणी ती का उघडत नाही हे उघडल्यावर कळतं: धडधाकट कॉम्प्युटरच्या वहीतही लाल फुल्यांचा सडा असतो. मंगळवार रात्रीनंतरच्या फुल्या तेवढ्या चाळल्या, तेव्हा एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. एक ड्रायव्हर अडवला जात होता. प्रोग्रॅमची चोरी होऊ नये म्हणून त्याच्याबरोबर डोंगल येतो, कॉम्प्युटरच्या पाठीला लावायचा बोटाएवढा कुलूपवजा तुकडा. तो लागलाय की नाही हे प्रोग्रॅमला सांगायचं काम त्या ड्रायव्हरचं. ड्रायव्हरला सिस्टिमच्या अगदी गाभ्यापर्यंत मुभा असते, म्हणून भोकं असलेल्या जुन्या ड्रायव्हरांची काळी यादी केलेली असते आणि ती अपडेटबरोबर वाढते. अण्णांचा ड्रायव्हर यंदा यादीत गेला. डोंगल जागेवर होता, प्रोग्रॅम ठणठणीत होता. मधला निरोप्या निलंबित. आणि अण्णांनी ओके केलेल्या मेसेजात नेमकं हेच लिहिलेलं होतं.

काळी यादी बंद करायचा उपाय भाच्याने सुचवला. पतसंस्थेचे हिशेब असलेल्या कॉम्प्युटरवर तसलं काही करू नये. डोंगल बनवणाऱ्यांचा नवा ड्रायव्हर मिळाला, टाकला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. चाक फिरलं आणि विझलं नाही.

"बघ," अण्णा आत ओरडून काकूला म्हणाले, "त्या पोराने सांगितलंच होतं दोन दिवस लागतील!"

सभेनंतर मला अहवालाची प्रत आली. खर्चाच्या पानावर 'संगणक दुरुस्ती, रु. 300' अशी नोंद आहे, आणि शेवटच्या पानावर ब्लोअरवाल्याचे जाहीर आभार. माझंही नाव आहे, उपस्थितांत.